परसांतील कोंबडी : आहार आणि वीण

परसांत चार-सहा कोंबड्या बाळगण्यास भांडवल जवळजवळ लागत नाहीं, आणि म्हणूनच बहुधा त्यांकडे कोणी लक्षहि देत नाहीं. शेताची चिंता घरधन्यानें करावी, गुरांची गड्यानें करावी, आणि कोंबड्यांनीं मात्र आपलें आपण जगावें, अशीच पुष्कळ घरांतील वाटणी असते. तरीहि बाजारच्या दिवशींचें मीठमिरचीचें सामान, मुलाची वही-पेन्सिल, अवचित आलेल्या पाहुण्याचा पाहुणचार, हीं सर्व कितीतरी घरांत ह्या दुर्लक्षित पक्ष्यावरच भागतात; आणि हा पैसा बहुतकरून घरांतील बाईच्या हातचा, तिनें कोणापुढें हात न पसरतां मिळविलेला असतो. एवढ्यासाठीं तरी ह्या पक्ष्याचा जमाखर्च एकदां नीट मांडून पाहणें अगत्याचें आहे.

देशी कोंबडी एका पाळीस साधारणपणें १२ ते १५ अंडीं घालते आणि मग खुडूक होऊन बसते. वर्षांत अशा तीन-चार पाळ्या होतात. समजा, एका खुडूक कोंबडीखालीं १२ अंडीं ठेविलीं आणि १० पिलें निघालीं. हें फळ कांहीं वाईट नव्हे; उबवणीच्या मोठमोठ्या यंत्रांनाहि प्रत्येक अंड्याचें पिलूं करतां येत नाहीं. पण दोन महिन्यांनीं त्याच परसांत डोकावून पाहावें, तर १० पैकीं ४ पिलें उरलेलीं दिसतात, आणि घरांतील कोणासहि त्याचें नवल वाटत नाहीं. एक घारीनें नेलें, एक मुंगसानें धरलें, दोन पावसांत गारठलीं, दोन कशानें गेलीं तें कळलेंच नाहीं. अंडीं अधिक कशीं मिळतील, ही विवंचना सर्वांनाच असते. वस्तुतः मोठी गळती अंड्यांत नसून पिलांत आहे. ४ च्या ठिकाणीं ८ पिलें जगलीं, तर कोंबडीनें एकहि अंडें अधिक न घालतां पिलांचें उत्पन्न दुप्पट होतें.

येथें 'नैसर्गिक पद्धति' ह्या शब्दांचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. कोंबडी तीन कामें फुकट करते : आपलें अन्न शोधते, आपलीं अंडीं उबविते आणि आपलीं पिलें वाढविते. हीं कामें तिच्याकडून काढून घेऊन यंत्रावर सोंपविण्यांत परसांतल्या मालकाचा कांहींच फायदा नाहीं. परंतु तीं तिच्यावर सोंपविलीं म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें मानणें ही दुसऱ्या टोंकाची चूक होय. निसर्ग पिलें पुष्कळ देतो, तीं पुष्कळ मरावयाचीं असतात म्हणून. रानांत दहांपैकीं दोन पिलें मोठीं झालीं तरी जातीचें काम भागतें; घराचें तेवढ्यानें भागत नाहीं. तेव्हां जें कोंबडीस साधतें तें तिला करूं द्यावें, आणि जें साधत नाहीं तेवढेंच आपण पुरवावें, हाच नैसर्गिक पद्धतीचा खरा अर्थ.

तिला काय साधतें हें समजण्यासाठीं तिच्या पूर्वजांकडे पाहणें सोयीचें पडतें. आपली पाळीव कोंबडी मुख्यतः तांबड्या रानकोंबड्यापासून झाली. हा पक्षी हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंतच्या रानांत आजहि आढळतो. सह्याद्रीच्या रानांत पहांटे जो आरवतो, तो करडा रानकोंबडा निराळा. तथापि त्याचाहि वांटा आपल्या कोंबडीच्या रक्तांत आहे. पुष्कळ कोंबड्यांच्या पायांची व कातडीची जी पिवळी छटा असते, तिचें बीज ह्या करड्या रानकोंबड्याकडून आलें, असें २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखवून दिलें. हे रानपक्षी दिवसभर पालापाचोळा उकरून बीं, किडे आणि वाळवी टिपतात. रात्रीं झाडाच्या अगर बांबूच्या फांदीवर जाऊन बसतात. आणि मादी जमिनीवरच, पण झुडपाच्या आडोशाला, मोजकीं अंडीं घालून एकटीच उबविते. उकरणें, उंचावर निजणें आणि अंधाऱ्या आडोशाला अंडीं घालणें, ह्या तीन संवयी परसांतल्या कोंबडींत जशाच्या तशा उतरल्या आहेत. तिच्या पालनाचे बहुतेक नियम ह्या तिहींतूनच निघतात.

प्रथम आहाराचा विचार करूं. मोकळी फिरणारी कोंबडी गवताचें बीं, सांडलेलें धान्य, कोंवळीं पानें, गांडुळें, उकिरड्यांतल्या अळ्या आणि घरांतलें खरकटें, असें नाना प्रकारचें अन्न वेंचून खाते. ही निवड ती बेतानें करते. परंतु जें परसांत नाहींच, तें ती कोठून आणणार? पाऊस सुरू झाला म्हणजे किडे भरपूर असतात, पण दाणा दुर्मिळ होतो. सुगीनंतर खळ्यावर दाणा सांपडतो, पण जमीन सुकूं लागल्यानें किडे आणि हिरवा पाला कमी होत जातो. वैशाखांत तर दोहोंचीहि वाण पडते. घरांत मात्र बाराहि महिने तीच मूठभर जोंधळ्याची अगर तांदळाची कणी टाकण्याचा प्रघात असतो. वास्तविक जें ज्या ऋतूंत उणें, तें त्या ऋतूंत भरून काढलें पाहिजे : पावसाळ्यांत दाणा, आणि उन्हाळ्यांत हिरवा पाला व पौष्टिक खुराक.

दाणा द्यावयाचा तो संध्याकाळीं द्यावा. सकाळींच पोटभर मिळाला, तर कोंबडी दारांतच बसून राहते आणि रानमेव्याला मुकते. संध्याकाळीं प्रत्येकीस ३० ते ४० ग्रॅम, म्हणजे सुमारें एक लहान मूठ, दाणा टाकण्याची रीत ठेविली, तर तीन गोष्टी साधतात. कोंबड्या वेळेवर घरीं परततात; मोजदाद होऊन कोणती आली नाहीं तें लगेच कळतें; आणि गळ्याखालची पिशवी भरलेली असल्यानें रात्रभर अन्न हळूहळू पोटांत उतरत राहतें.

नुसता दाणा मात्र पुरत नाहीं. अंडीं घालणाऱ्या कोंबडीच्या अन्नांत शेंकडा सुमारें १६ भाग प्रथिनें असावीं लागतात; जोंधळा व तांदूळ ह्यांत तीं शेंकडा १० च्या आसपास किंवा त्याहूनहि कमी असतात. ही उणीव किड्यांनीं अगर पेंडीनें भरून काढावयाची. वाळवी हा ह्या कामीं फुकटचा आणि उत्तम खुराक होय. मडक्यांत ओलें शेण, पेंढा व काटक्या भरून तें वाळवीच्या वारुळापाशीं पालथें घालावें, वर सावली करावी, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं उचलून पिलांपुढें झाडावें. मात्र जेथें वाळवीचें औषध घातलेलें असेल तेथील वाळवी कदापि देऊं नये. तसेंच मेलेल्या जनावरावर पडलेल्या अळ्या कोंबड्यांना खाऊं देऊं नयेत. त्यांच्यावाटे पोटांत गेलेल्या विषानें मान लुळी पडून पक्षी दगावतात.

हिरवा पाला केवळ चवीसाठीं नव्हे. बलकाला जो गर्द पिवळा रंग येतो तो पाल्यांतूनच. शेवग्याचीं पानें, लसूणघास, भाजी निवडून उरलेलीं पानें ह्यांची जुडी बांधून कोंबडीच्या डोक्याइतक्या उंचीवर टांगावी. जमिनीवर टाकलेला पाला तुडवून वायां जातो. पाण्याची सोय असेल तेथें ॲझोला ही पाण्यावर तरंगणारी वनस्पति लहानशा खड्ड्यांत वाढवितां येते. कोंबड्या ती आवडीनें खातात.

कोंड्याविषयीं तर एक कथाच सांगण्यासारखी आहे. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत, १८९० च्या सुमारास, जावा बेटांतील बटाव्हिया शहरीं ख्रिस्तियान आयकमान नांवाचा डच वैद्य बेरीबेरी ह्या रोगाचा शोध करीत होता. त्याच्या प्रयोगशाळेंतल्या कोंबड्यांचे पाय एकाएकीं लुळे पडूं लागले. कांहीं काळानें त्या आपोआप बऱ्याहि झाल्या. चौकशी करतां असें आढळलें कीं, मधल्या काळांत त्यांना इस्पितळाच्या स्वयंपाकघरांतला पांढराशुभ्र सडलेल्या तांदळाचा भात मिळत होता. तो बंद होऊन न सडलेला तांदूळ मिळूं लागतांच त्या सुधारल्या. तांदळावरच्या तांबूस सालींत जीवनाला अवश्य असें कांहीं तरी आहे, हें जगाला कोंबड्यांनीं शिकविलें. ह्यांतूनच पुढें जीवनसत्त्वांची कल्पना विकसित झाली, आणि १९२९ सालीं आयकमान ह्यास नोबेल पारितोषिकांतील वांटा मिळाला. म्हणून पांढरी कणी देणाऱ्यानें तिजबरोबर मूठभर ताजा कोंडाहि द्यावा. तो भिजवून फडफडीत कालवावा. पातळ लगदा करूं नये.

आणखी तीन वस्तु अशा आहेत कीं, त्यांना किंमत पडत नाहीं, पण त्यांच्या अभावीं सारा खुराक व्यर्थ जातो. पहिली चुना. एका मोठ्या अंड्याच्या कवचांत सुमारें २ ग्रॅम कॅल्शियम असतें. अन्नांतून तें मिळालें नाहीं, तर कोंबडी आपल्या हाडांतून काढून देते. मग कवच पातळ होतें, अंडें घरट्यांतच फुटतें, आणि फुटलेलें अंडें एकदां चाखलें कीं अंडीं खाण्याची खोड लागते. कोंकणांत तिसऱ्यांच्या शिंपल्यांचे ढीग पडलेले असतात. ते कुटून एका खापरांत ठेवावे. इतरत्र अंड्यांचीं टरफलें भाजून बारीक चुरावीं. अखंड टरफल टाकूं नये, त्यानें तीच खोड लागते. दुसरी वस्तु वाळूचे बारीक खडे. पक्ष्याला दांत नाहींत. पोटांतल्या जाड मांसल पिशवींत हे खडेच जात्याचें काम करतात. तिसरी वस्तु पाणी. अंड्याच्या आंतल्या गरांत सुमारें तीन-चतुर्थांश पाणी असतें, तरीहि कोंबडीला पाणी मांडण्याचें सर्वांना विसरतें. उथळ भांड्यांत, सावलींत, विटेवर उचलून पाणी ठेवावें आणि रोज भांडें घासावें.

खरकटें द्यावें, पण विचारानें. खारवलेली मासळी, लोणच्याचा खार, पापडांचा चुरा ह्यांतलें मीठ कोंबडीला बाधतें. त्याहून घातक म्हणजे बुरशी. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी कांहीं महिन्यांत मेले. शोध करतां त्यांच्या खाद्यांतल्या भुईमुगाच्या पेंडीवर वाढलेल्या बुरशीचें विष त्यास कारण असल्याचें ठरलें. त्या विषास पुढें ॲफ्लाटॉक्सिन असें नांव पडलें. पावसाळ्यांत ओल लागून कुबट झालेला दाणा व पेंड 'माणसांच्या उपयोगाची नाहीं, कोंबड्यांना घाला' असें म्हणून टाकली जाते. घरादाराचा हा नेहमींचा उद्गार पुष्कळ कोंबड्यांच्या मरणास कारण होतो.

आतां विणीकडे वळूं. येथें आपल्या घरांत एक उलटी रीत फार जुनी आहे. पाहुणा आला, जत्रा आली, कीं सर्वांत भरदार कोंबडा पकडला जातो. बाजारांतहि तोच आधीं विकला जातो, कारण त्याला भाव अधिक येतो. मागें राहतो तो किडमिडा. आणि पुढल्या साऱ्या पिलांचा बाप तोच होतो. शेतकरी बियाण्याचीं कणसें निवडतांना सर्वांत उत्तम तीं बाजूला बांधून ठेवितो, आणि कोंबड्यांच्या बाबतींत मात्र उत्तम तें खाऊन निकृष्ट तें पेरतो. ह्या एका रीतींत बदल केला, तरी चार-पांच वर्षांत परसाचें रूप पालटूं लागतें.

कोंबडा निवडावयाचा तो पिसाऱ्याच्या रंगावरून नव्हे. पाय सरळ, छाती रुंद, नजर चलाख, आणि दाणा सांपडतांच स्वतः न खातां कोंबड्यांना बोलावणारा असा असावा. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. तो त्याच घरच्या कोंबड्यांचा मुलगा वा भाऊ नसावा. जवळच्या रक्ताची वीण होत गेली, म्हणजे अंडीं कमी उबतात आणि पिलें अशक्त निघतात. म्हणून दीड-दोन वर्षांनीं दुसऱ्या गांवच्या घराशीं अदलाबदल करावी. कोंबडा आणण्यापेक्षां उबवणीचीं अंडीं आणून आपल्या कोंबडीखालीं ठेवणें अधिक बरें. नवें रक्त येतें आणि पक्ष्याबरोबर रोग येण्याचा धोका कमी होतो. कोंबडा बदललाच, तर हें ध्यानांत ठेवावें कीं, जुन्या कोंबड्याचा प्रभाव कोंबडीच्या शरीरांत दहा दिवस ते दोन आठवडे टिकतो. तेव्हां तीन आठवडे लोटल्यावरचींच अंडीं नव्याचीं म्हणून उबवणीस धरावीं.

कोंबडी निवडतांना तिचें काम पाहावें. कोणीं किती अंडीं उबविलीं आणि किती पिलें मोठीं केलीं, ह्याची खूण म्हणून पायांत रंगीत दोरा सैलसा बांधावा. जिनें दहांपैकीं आठ जगविलीं, तिच्याच तलंगा पुढें ठेवाव्या. मग ती दिसण्यांत कशीहि असो. पिलें सांभाळण्याचा गुण कांहीं अंशीं रक्तांतून उतरतो, आणि परसांत त्याइतका मोलाचा गुण दुसरा नाहीं.

कोंबडी खुडूक झाली, म्हणजे ती घरटें सोडीत नाहीं, हात लावतांच पिसें फुलविते आणि 'कुडूक कुडूक' असा आवाज करते. तिला बसविण्यासाठीं अंडीं एका आठवड्याहून अधिक जुनीं नसावीं. मध्यम आकाराचीं, गुळगुळीत, अखंड कवचाचीं आणि न धुतलेलीं असावीं. धुतल्यानें कवचावरचें नैसर्गिक आवरण जातें व आंत जंतूंना वाट मिळते. तोंवर तीं थंड जागीं, निमुळतें टोंक खालीं करून, ठेवावीं. देशी कोंबडीखालीं १० ते १२ अंडीं पुरेत. अधिक ठेविलीं, तर कडेचीं आळीपाळीनें थंड पडतात आणि दोन अंड्यांच्या लोभानें चार जातात.

घरटें रुंद टोपलींत, तळाशीं राख व माती आणि वर वाळलेला पेंढा घालून, अंधाऱ्या व निवाऱ्याच्या जागीं करावें. बसविण्यापूर्वीं कोंबडीच्या पंखांखालीं पिसवा वा उवा नाहींत हें पाहावें. त्यांनीं हैराण झालेली कोंबडी अर्ध्यावर उठते. कोरड्या मातींत राख मिसळून केलेला धुळीच्या स्नानाचा खड्डा हा त्यावर तिचा स्वतःचा इलाज आहे. तो तिला करून द्यावा. विजेच्या कडकडाटानें अंडीं नासतात, असें कांहीं घरांत मानतात व टोपलींत लोखंडाचा तुकडा ठेवितात. त्या लोखंडाचें कांहीं वाईट होत नाहीं. पण वादळाच्या रात्रीं अंडीं नासतात तीं बहुधा ओल लागल्यानें अगर घाबरलेली कोंबडी उठून गेल्यानें. टोपली गळक्या वळचणीखालून हलविणें, हा त्यावरचा उपाय.

उबवणीला २१ दिवस लागतात. ह्या दिवसांत कोंबडी अंडीं स्वतःच उलथीपालथीं करते; मनुष्यानें त्यांत हात घालूं नये. दिवसांतून एकदां ती पंधरा-वीस मिनिटें उठते. त्या वेळीं दाणा व पाणी जवळच मिळालें, म्हणजे तिला दूर जावें लागत नाहीं. सातव्या-आठव्या रात्रीं अंडें विजेरीच्या उजेडासमोर धरून पाहावें. आंत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या, तर पिलूं वाढत आहे. अंडें स्वच्छ दिसलें, तर तें वांझ समजून काढावें. शेवटच्या दोन-तीन दिवसांत घरट्याकडे फिरकूंहि नये. कवच फोडून पिलाला मदत करण्याचा मोह आवरावा. घाईनें सोडविलेलें पिलूं रक्तस्रावानें मरतें.

पिलूं बाहेर येण्यापूर्वीं उरलेला बलक त्याच्या पोटांत ओढला जातो, आणि त्यावर तें सुमारें दोन दिवस अन्नावांचून राहूं शकतें. म्हणून सगळीं पिलें निघेपर्यंत कोंबडीला उठविण्याची घाई नको. त्यानंतरचे सहा ते आठ आठवडे मात्र कसोटीचे. येथेंच त्या सहा पिलांची गळती होते, आणि येथेंच मालकानें आपला वेळ खर्च करावयाचा. पहिले दोन-तीन आठवडे आई व पिलें मोठ्या डालग्याखालीं ठेवावीं. घार, कावळा, मांजर आणि मुंगूस ह्या चौघांपासून तेवढ्यानें रक्षण होतें. डालगें रोज नव्या कोरड्या जागीं हलवावें. ओल्या, घाणेरड्या जागेंत पिलांना रक्ताची हगवण लागते आणि दोन दिवसांत सारी वीण आटोपते. पाण्याच्या बशींत चार खडे टाकावे, म्हणजे पिलें बुडत नाहींत. बारीक कणी, नाचणीचें भरडलेलें पीठ व वाळवी हें त्यांचें पहिलें अन्न. तें थोडें थोडें, दिवसांतून चार वेळां द्यावें. मोठ्या कोंबड्यांनीं तें फस्त करूं नये म्हणून काटक्यांचें असें कुंपण करावें कीं, पिलूं आंत शिरेल व कोंबडी शिरणार नाहीं.

रात्रीच्या खुराड्याविषयीं दोनच गोष्टी. तें जमिनीपासून दीड-दोन हात उंच असावें आणि त्यांत बसण्यास आडवी दांडी असावी. रानांतली फांदी कोंबडी अजून विसरलेली नाहीं. आणि त्यांत वारा खेळावा. बंद पेटाऱ्यांत कोंडलेल्या कोंबड्यांना शेणाच्या उग्र वाफेनें छातीचे विकार जडतात.

येथवर जें सांगितलें, तें सर्व निसर्गाच्या बाजूनें जाणारें आहे. पण एक ठिकाण असें आहे, जेथें निसर्गावर भिस्त ठेवून चालत नाहीं. तें म्हणजे राणीखेत रोग, गांवोगांवचे लोक ज्याला मानमोडी म्हणतात तो. इंग्लंडांतील न्यूकॅसल गांवाच्या नांवानें जगभर ओळखला जाणारा हाच रोग, १९२८ सालच्या सुमारास कुमाऊंतल्या राणीखेत येथें नोंदला गेल्यावर, आपल्याकडे त्या नांवानें रूढ झाला. हिरवट पातळ शीट, तोंड उघडून श्वास घेणें, मान पिळवटणें हीं त्याचीं लक्षणें. तो शिरला, म्हणजे चार दिवसांत परस मोकळें होतें. हळद, लसूण, राख ह्यांपैकीं कशानेंहि तो हटत नाहीं. जडल्यावर त्यास औषधच नाहीं. उपाय एकच, आधीं लस टोंचणें. पिलांना पहिल्या आठवड्यांत लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यांत अगर नाकांत घालतात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास तीच पुन्हां देतात. आणि दोन महिन्यांच्या पक्ष्यांस आर-टू-बी ही लस टोंचतात. ही दुसरी लस कुमाऊंतल्याच मुक्तेश्वर येथील संशोधनसंस्थेंत सिद्ध झाली. अडचण अशी कीं, लशीची कुपी शंभर वा त्याहून अधिक पक्ष्यांची असते, आणि एकदां कालविल्यावर ती कांहीं तासांतच संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठीं ती कोण आणणार? म्हणून वाडींतल्या वीस-पंचवीस घरांनीं एक दिवस ठरवून, पशुवैद्यकीय दवाखान्यांतून बर्फांत ठेवून कुपी आणावी, आणि एकाच सकाळीं सर्वांचे पक्षी टोंचून घ्यावे. एका घराची कोंबडी लशीवांचून राहिली, तर रोग तिच्या दारांतूनच वाडींत शिरतो.

दुसरी सावधगिरी बाजाराची. बाजारांतून आणलेला पक्षी दोन ते तीन आठवडे निराळा ठेवावा. घरांतल्या कोंबड्या मरूं लागतांच उरलेल्या घाईनें विकून टाकण्याची रीत सर्वत्र आहे. त्या विक्रीबरोबर रोग दहा गांवांत पोंचतो. २००६ सालच्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतल्या नवापूर येथें भारतांतली पहिली बर्ड फ्लूची सांथ उघडकीस आली, तेव्हां परिसरांतले लाखों पक्षी नष्ट करावे लागले. म्हणून एकाएकीं पुष्कळ पक्षी मेले, तर ते खाऊं नयेत, विकूं नयेत, उघड्या हातांनीं हाताळूं नयेत. दवाखान्यास कळवावें आणि सांगतील त्याप्रमाणें खोल पुरावे.

शेवटीं सुधारलेल्या जातींविषयीं. पांढरी लेगहॉर्न वर्षाला अडीचशेंहून अधिक अंडीं घालते, आणि परसासाठीं म्हणून काढलेल्या बंगळूरच्या गिरिराज व हैदराबादच्या वनराज ह्या जातीहि देशीपेक्षां पुष्कळ अधिक देतात. पण ह्या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहींत. जी कोंबडी उबवीत बसत नाहीं, ती तेवढे दिवस अंडीं घालीत राहते, म्हणून तो गुण पिढ्यान्‌पिढ्या निवडून काढून टाकला गेला. तेव्हां अशा कोंबड्यांची पुढची वीण विकतच आणावी लागते. शिवाय देशी पिलांना घारीची सावली दिसतांच आईच्या हांकेसरशी झुडपांत शिरतां येतें; यंत्रांत जन्मलेल्या पिलाला ती हांक कोणी दिलेलीच नसते. अंडीं विकण्याचाच बेत असेल, तर त्या जाती अवश्य पाळाव्या. परंतु घरांत दोन तरी खुडूक होणाऱ्या देशी कोंबड्या ठेवाव्या. त्या परक्या अंड्यांनाहि आपलीं म्हणून उबवितात आणि परक्या पिलांनाहि पंखाखालीं घेतात.

कोंबडी खुडूक झाली, कीं 'आतां ही अंडीं देत नाहीं' म्हणून तिला पाण्यांत बुडविण्याची, टोपलीखालीं उपाशी कोंडण्याची अगर बाजारांत नेण्याची घाई होते. अंडीं देण्याचें तिचें काम त्या दिवशीं थांबलेलें असतें हें खरें. परंतु तिचें त्याहून मोठें काम त्याच दिवशीं सुरू होतें. त्या २१ दिवसांत तिला कोरडी टोपली आणि त्यापुढच्या दोन महिन्यांत तिच्या पिलांना डालगें व लस एवढें जें घर देईल, त्याला बाकीचें सारें ती स्वतःच देते.